राखेच्या विटांचं घर

घर पाहावं बांधून, म्हणतात. पाहिलं बांधून. एकदा बांधलं, मग एकेक भिंत पाडून पुन्हा बांधलं. आता एखादं तरुण जोडपं नकाशाची गुंडाळी घेऊन दारात येतं आणि ‘काका, जरा बघता का, हवा कशी खेळेल,’ असं विचारतं, तेव्हा मला आधी चहा लागतो. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण सांगायचा कंटाळा येतो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय. पुढच्यांना हे कागद वाचायला देईन आणि आत जाऊन पडेन.

ऐंशीच्या दशकात मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा, काम मात्र गळकी छपरं, तुंबलेली गटारं आणि साहेबांच्या केबिनचे करकरणारे दरवाजे. राहायला उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. पहिल्या मजल्यावर दीड खोली, डोक्यावर पत्रा आणि खालच्या मजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना. घरमालक सिंधी, माणूस दिलदार, पण त्याचं कापड कापायचं मशीन सुरू झालं की निळा तूस उडायचा तो थेट आमच्या घरात. जिन्यावर तूस, उशीवर तूस, भाकरीच्या पिठातही तूस. बायको दिवसातून तीनदा केर काढायची आणि तिन्ही वेळा सुपलीत निळा गोळा निघायचा.

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला दमा होता. जिना चढून वर आली की दाराची चौकट धरून उभी राहायची आणि छातीतून बारीक शिट्टी वाजायची. बाकीच्या पोरी गल्लीत लंगडी खेळायच्या आणि ही खिडकीत बसून कोण आउट झालं ते मोठ्याने सांगायची. घरमालक एकदा स्वतःच वर आला आणि म्हणाला, “साईं, बच्ची को यहाँ से ले जाओ. मेरा धंधा है, मैं क्या करूँ.” त्याचा मला राग आला नाही. खरं बोलणाऱ्या माणसावर काय रागवायचं?

कारखान्यातल्या काही लोकांनी मिळून बदलापूरला, पूर्वेला, भाताच्या खाचरांना लागून प्लॉट घेतले होते. त्यातला एक माझा. तिथे घर बांधायचं ते पोरीच्या श्वासासाठी, हे आमचं नवरा-बायकोचं पक्कं ठरलं होतं. बाकी काही असो नसो, तिला त्या घरात धाप लागता कामा नये.

आता मी पडलो शहाणा. लोकांची घरं मी बघत होतो ना. काडेपेटीसारख्या खोल्या, वर सपाट स्लॅब, पश्चिमेला खिडकी आणि दुपारभर तापलेला तवा. मी रोज कामावरून आलो की ड्रॉइंग बोर्ड पलंगावर ठेवून नकाशे काढायचो. कौलारू छप्पर उंच घेतलं, खाली लाकडी माळा, म्हणजे ऊन माळ्यावरच अडेल. पोरीची खोली डोंगराकडच्या अंगाला, समोरासमोर खिडक्या, वर कौलांच्या जवळ झरोके, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल. छज्जे अडीच फूट. खाली शहाबादी फरशी. दारं-खिडक्यांना कल्याणला पाडलेल्या एका जुन्या घराचं सागवान. आजही तो नकाशा माझ्याकडे आहे आणि आजही त्यात मला चूक सापडत नाही. नकाशा चांगलाच होता.

प्रश्न आला विटांचा. बदलापूरच्या आसपास वीटभट्ट्यांना काय तोटा? उन्हाळ्यात जिकडेतिकडे धूर. बायको म्हणाली, “सगळे घेतात त्या लाल विटा घ्या की.” मी तिला तासभर व्याख्यान दिलं. म्हटलं, अगं, ही वीट म्हणजे शेताची वरची वीतभर माती. एकदा खरवडली की ते शेत गेलं. वर लाकूड जाळायचं, धूर करायचा, आणि तो धूर आपल्याच पोरीने ओढायचा. त्यापेक्षा आमच्या कारखान्यात बॉयलरची राख डोंगराएवढी पडलीय, पावसात वाहून नाल्यात जातेय. ती राख, चुना आणि थोडं सिमेंट साच्यात ठोकून विटा करायच्या. भाजायला नको, माती नको. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अशा विटांचं घर बघितलंय का कुणाचं?” मी म्हणालो, कुणीतरी पहिलं असावंच लागतं. ती उठून कुकर लावायला गेली.

राख न्यायची परवानगी मिळायला अडचण आली नाही. उलट साहेब खूश, ढीग कमी होईल म्हणून. आमच्या फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी साचा करून दिला. प्लॉटवर शेड मारली आणि कामाला गवंडी मिळाला तो जवळच्याच गावातला. साठीचा म्हातारा, आगरी, काळा कुळकुळीत, कानाच्या पाळीत बाळी. त्याचे वाडवडील खाडीकडे मिठागरावर राबायचे, नंतर इकडे शेती करायला आले. मी त्याला मामा म्हणायचो. मामाची एक सवय होती, प्रत्येक वस्तू जिभेवर ठेवून बघायची. रेती आली की चिमूट जिभेवर. विहिरीचं पाणी आलं की गुळणी. चुना सोडून सगळं चाखायचा. आमच्या ऑफिसातले लोक बघायला यायचे तेव्हा मी हसून सांगायचो, आमचे मामा घर बांधत नाहीत, आधी जेवतात.

राखेची पहिली गाडी खाली झाली. मामाने चिमूट उचलली, जिभेला लावली, थुंकला आणि पुन्हा एक चिमूट लावली.

“सायेब, ई राख खारी हाय.”

“राख खारटच लागते, मामा. चुलीतली चाखून बघा.”

“चुलीची निराळी. ई मिठाची खारी हाय. मीठ भितीन शिरला का निंगत नाय. पावसान भित रडते.”

मी त्याला राखेतले क्षार समजावून सांगितले. काय काय नावं घेतली असतील देव जाणे. मामाने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “तुमी शिकलेले. मी आपला सांगतंय.” आणि साचा धुवायला घेतला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि मीही नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला तेव्हाही येत होती.

घर झालं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत केली. आणि खोटं कशाला सांगू, पहिले दीड महिने त्या घराने मला राजा करून टाकलं. बाहेर मे महिना पेटलेला आणि आमच्या घरात दुपारी पंख्याशिवाय झोप लागायची. ऑफिसातले लोक बायकांना घेऊन घर बघायला यायचे. मी त्यांना पोरीच्या खोलीत झरोक्याखाली उभं करायचो, “बघा, वारा येतोय ना?” पोरगी अंगणात पळायची. पळायची, धाप न लागता. बायकोने एकदा तिला पळताना बघितलं आणि पदराने डोळे पुसले. मला म्हणाली, “चुकले मी, तुमचंच खरं होतं.” ते वाक्य मला आजही आठवतं.

मग पाऊस सुरू झाला. कौलं गळली नाहीत, छज्ज्यांनी पाणी अडवलं, नकाशात जसं होतं तसं सगळं झालं. आणि आषाढात एका सकाळी पोरीच्या खोलीतल्या भिंतीला हात लावला तर हात ओला. भिंतीवर घाम फुटला होता. आठ दिवसांत गिलाव्याला फुगे आले, पोपडे पडायला लागले, त्याखाली पांढरी मिशी फुटल्यासारखा लोणा. मी म्हटलं, नवीन बांधकाम आहे, पहिल्या पावसात होतंच. चुन्याचा हात मारला. चार दिवसांत पुन्हा तेच.

इथून पुढे मी जे केलं त्याची मला लाज वाटते. लोक अजूनही घर बघायला येत होते ना. एक डाग होता तिथे मी कॅलेंडर टांगलं. दुसरा मोठा होता, पोरीच्या पलंगाच्या बाजूला, त्याच्यापुढे गोदरेजचं कपाट सरकवलं. भिंतीला चिकटवून. कपाटामागे काय चाललंय हे बघायला कोण जाणार? तिथे काळी बुरशी धरली, हातभर. आणि पोरगी त्याच्यापासून दोन फुटांवर झोपत होती.

तिची शिट्टी परत आली. कॅम्प तीनमध्ये होती त्याहून वाईट. आम्ही तिला शेअर रिक्षाने कॅम्प दोनच्या डॉक्टरांकडे नेलं, जुने ओळखीचे. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, “घरात ओल आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “नवीन घर आहे, डॉक्टर. हवेशीर.”

बायको माझ्याकडे बघत राहिली, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही अशा वळणात वाढलेली. डॉक्टरांनी औषध बदललं. ते वर्ष तसंच गेलं. हिवाळ्यात भिंती सुकल्या, पोरगी बरी झाली, मी कॅलेंडर काढून भिंत रंगवली आणि स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या पावसाळ्यात पोरगी दुसरीत होती आणि महिन्यातले बारा-पंधरा दिवस शाळेत जात नव्हती. बोलताना वाक्य पुरं होत नव्हतं तिचं. पुन्हा तेच डॉक्टर, पुन्हा तोच प्रश्न. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायको म्हणाली, “आहे. सगळ्या घरात आहे. हिच्या पलंगामागे बुरशी आहे आणि ह्यांनी त्याच्यापुढे कपाट लावलंय.” आवाज चढवला नाही तिने. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. तेही बरंच लागलं मला. मग ते तिच्याशीच बोलले. म्हणाले, हिला पावसाळाभर कुठेतरी कोरड्या हवेत ठेवा. घाटावर कुणी आहे का तुमचं?

बायकोची मोठी बहीण होती, नगर जिल्ह्यात. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शाळेत शिक्षिका. आठवड्याच्या आत बायको पोरीला एसटीने घेऊन गेली. जाताना पोरीने विचारलं, “बाबा, भिंत कधी बरी होणार?” मी म्हणालो, दिवाळीपर्यंत करतो.

ती गेल्यावर मी मामाला बोलावून आणलं. घर झाल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता. त्याने कपाट सरकवलं, बुरशीकडे बघितलं, चक चक केलं. मग वर जिथे लोणा फुटला होता तिथली पांढरी भुकटी नखाने खरवडली. मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने बोट माझ्यापुढे केलं.

“चाखा, सायेब.”

मी चाखली. आणि मला ती चव ओळखू आली. ती राखेची चव नव्हती. आमच्या बॉयलर हाउसची चव होती.

झालं होतं असं. बॉयलरला साधं पाणी चालत नाही, त्यातला क्षार काढून मऊ करावं लागतं. ते करणारं एक यंत्र असतं आणि ते अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. पोती पोती मीठ लागतं त्याला. ते धुतलेलं पाणी पूर्वी गटारात जायचं. घर बांधायच्या दोन वर्षं आधी मलाच अक्कल सुचली की हे पाणी वाया का घालवायचं? तापलेल्या राखेवर मारायला आपण नळाचं चांगलं पाणी वापरतो, त्याऐवजी हे वापरू. मी पाइप टाकला. कारखान्याचं पाणी वाचलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. त्या डब्यात आमच्याकडे डाळ असायची. म्हणजे दोन वर्षं त्या राखेला मीठ मी पाजत होतो, आणि तीच राख उचलून आणून पोरीच्या उशाशी भिंत केली. मामाने पहिल्याच दिवशी जिभेवर ठेवून सांगितलं होतं.

मी मामाला हे सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसला, तंबाखू मळली. म्हणाला, “मीठ पानी वढते. पाऊस आला का हवेतला पानी वढनार, ऊन आला का सोरनार. ई भित सुकाची नाय कदी. पाराय लागंल.”

“सगळ्या?”

“पोरीची खोली आदी घेव.”

सगळं घर एकदम पाडून बांधायची ऐपत नव्हती. दर उन्हाळ्यात एक-दोन भिंती. कौलांना खालून लाकडाचे टेकू द्यायचे, भिंत उतरवायची, नवी उभी करायची, मग पुढची पुढच्या वर्षी. टेकू देऊन भिंत उतरवणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच माहीत. आता मी भट्टीच्या लाल विटा आणल्या, मुकाट्याने. बायकोने त्या मोजून घेतल्या. मामा एकेक वीट चाखून देत होता आणि मी शेजारी उभा राहून त्याला विचारत होतो, “बरी आहे ना?” हसायची हिंमत राहिली नव्हती. पडलेल्या राखेच्या विटा कुणालाच नको होत्या, अंगणाच्या कोपऱ्यात ढीग पडून राहिला.

पहिल्या वर्षी पोरीची खोली करायला घेतली आणि मध्येच मामाचा पाय मोडला. दुसरा गवंडी मी घेतला नाही. का ते विचारू नका, मलाच नीट सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षी खोली झाली, पण शेजारच्या भिंतीचं मीठ खालून पायथ्याशी चढलं. तीही पाडली. असं करता करता नऊ उन्हाळे गेले. पोरगी मावशीकडेच शिकत होती, फक्त दिवाळीत आणि मेमध्ये यायची. कोरड्या दिवसांत. पावसात आणायची माझी छाती होत नव्हती. दर वेळी मी तिला नवी भिंत दाखवायचो. आधी ती हात लावून बघायची. पुढे पुढे ‘छान झालीय’ म्हणायची आणि पुस्तकात डोकं घालायची. तिकडे तिचा दमा जवळजवळ गेला होता. शाळेत पहिल्या पाचांत असायची. मावशीला ती ‘अगं’ म्हणायची आणि आम्हाला पत्रात ‘तीर्थरूप’.

शेवटची भिंत झाली त्या वर्षी मामा पुरता थकला होता. सगळं झाल्यावर भिंतीला हात टेकून म्हणाला, “आता आना पोरीला पावसान.”

तिची दहावी झाली होती. आषाढात आठ दिवसांसाठी आली, भर पावसात. मी रोज सकाळी उठून तिच्या खोलीच्या भिंतींवरून हात फिरवायचो. कोरड्या. दुपारी ती झोपली की मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचो, पेपर वाचतोय असं दाखवत, आणि आतला श्वास ऐकायचो. शिट्टी नाही. पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही, सातव्या दिवशी नाही. बाहेर धो धो पाऊस आणि माझी पोर शांत झोपलेली. दहा वर्षांनी घर बांधून झालं असं मला त्या दिवशी वाटलं. बायकोला सांगितलं, तीही येऊन दारात उभी राहिली.

संध्याकाळी चहाला मी पोरीला म्हणालो, “आता इकडेच अकरावीला नाव घालू. उल्हासनगरला चांगलं कॉलेज आहे. खोली तर झालीच आहे तुझी.”

तिने आईकडे बघितलं, मग कपाकडे.

“बाबा, मी तिकडे फॉर्म भरलाय,” ती म्हणाली. “मावशीला कळवलंय मी. आणि माझ्या मैत्रिणी पण तिथेच आहेत.”

“इथे त्रास होतोय का तुला? ओल वाटतेय कुठे?”

“नाही हो बाबा. अजिबात नाही. खूप छान घर आहे तुमचं.”

बायको उठून आत गेली. मी थोडा वेळ पावसाबद्दल बोललो, तिच्या एसटीच्या वेळेबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला निघायचं होतं. पाणी तापलं होतं. ती आंघोळीला निघाली, मोरीच्या दाराशी थांबली. दोरीवर चार टॉवेल वाळत होते. गेले आठ दिवस ती रोज तिथे अशीच थांबायची, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“बाबा,” तिने विचारलं, “मी कुठला घेऊ?”